डुकरासाठी म्हण, दादा

“डुकरासाठी लावली होती म्हण, दादा. येवढंच म्हण.”

शिरूरला वनखात्याच्या ऑफिसात भारत थोरल्या भावाच्या कानाशी लागला होता. जालिंदरचं बूड एका जागी टिकत नव्हतं. उठे, खिडकीशी जाई, पुन्हा येऊन बसे. परवा रात्री बांधावर त्यानं करंट सोडलेल्या तारेला चिकटून बिबट्या मेला होता. सकाळी त्यानं आपणहूनच फोन करून ते कळवलं. गुपचूप खड्ड्यात पुरला असता तर कुणाला सुगावाही लागला नसता. पण खरं बोलायची खोड त्याला लहानपणापासूनची.

बाहेर तळेगावची दोन जीप माणसं हार घेऊन उभी होती. बिबट्यानं महिनाभर शेळ्या नेल्या होत्या, पोरांची शाळा बंद पाडली होती. तार कुणासाठी लावली, हे गावाला सांगायची गरज नव्हती.

“साहेब, झालं काय ते तर बगा,” त्यांच्यातले माजी सरपंच हौसरावआबा आत येऊन वनअधिकाऱ्याला म्हणाले. “गाव सुटलं. शिक्षा कशाची देताय?”

“काय झालं ते मला दिसतंय,” अधिकारी म्हणाले. “ तार कशासाठी लावली, ते लिहायचंय. रानडुकरासाठी असेल तर जामिनावर घरी जातील. मुद्दाम मारायला लावली असेल, तर मग तुरुंगच.”

भारतचे डोळे भरून आले. बांधाच्या भांडणापायी दोन वर्षं भाऊ एकमेकांच्या दारात गेले नव्हते.

“साहेब, पोरगी तापली म्हणून मी त्या रात्री पाणी धरायला गेलो न्हाई. न्हायतर बिबट्यानं मलाच धरलं आसतं. दादामुळं मी जिता हाय. जामीन मी ऱ्हातो.”

जालिंदरला त्याच्याकडं बघवेना. शिक्षा व्हावी, आजच व्हावी, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि हे लोक हार घेऊन आले होते.

“आरं, बोल की!” आबा खेकसले.

“लिवा साहेब,” जालिंदर म्हणाला. “डुकरासाठी न्हाई आन् बिबट्यासाठीबी न्हाई. रात्रीची लाईट आली की भारत रोज त्याच बांधावरनं मोटार चालू कराया येतो. म्हणून तिथं लावली.”