पाचव्या दिवसाची सोनोग्राफी

गावच्या पुलासाठी उपोषणाला बसलेल्या हणमंततात्यांच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवताना डॉक्टर हर्षदाचा हात थबकला. उपोषणाचा पाचवा दिवस, आणि आतड्यांकडचा रक्तप्रवाह दुप्पट. तिखट पोटात उतरलं की आतड्यांतले मज्जातंतू वर्दी देतात आणि रक्त तिकडे धावतं. मज्जातंतूंना पुलाशी देणंघेणं नसतं.

"तात्या, तुम्ही जेवलात?" तिने कसंबसं विचारलं.

"हळू बोल. ठेचा-भाकरी, चतकोरच."

खिडकीबाहेर घोषणा चालल्या होत्या. हर्षदाने खाटेचा कठडा धरला. "तुमच्या पाठिंब्याला मी पाच दिवस नुसत्या पाण्यावर आहे."

तात्या ताडकन उठून बसले. उभ्या हयातीत ते एवढे हादरले नव्हते.

"खरोखरची उपाशी?" त्यांनी घाईघाईने उशीखालचा डबा तिच्यापुढे सरकवला. "अगं पोरी, अशाने माणूस मरतं की."