पानाखालची डावणी

"डावणी पानाला आधी मारत नाही, अण्णा," द्राक्षाचं पान उलटं करून वेदिका बापाला खालची पांढरी बुरशी दाखवत होती. पोर पिकांच्या रोगांवर पीएचडी करत होती. "बुरशी पेशीत आपलं एक प्रथिन सोडते. ते पेशीची धोक्याची ओरडच बंद करतं. मग जिवंत पेशी आपणहून बुरशीला साखर भरवत बसते."

"लय लाघवी हाय की!" सहादूअण्णा हसले, आणि हसता हसता थांबले.

छाटणीला चार दिवस म्हणून आलेला भाचा रवी तिसऱ्या वर्षीही मुक्कामाला होता. येताना त्यानं एकच वाक्य आणलं होतं, "तुमी बसा मामा, मी बघतो की." अण्णा बसले. मग बँकेची, कचेरीची धावपळ वाचेल म्हणून बागही त्याच्या नावावर करून दिली. परवा पिंपळगावचा व्यापारी बागेत येऊन अण्णांनाच विचारत होता, "मालक कुठंयत?"

ओरडली होती ती एकटी लताबाई. अण्णांनी भर पंगतीत बायकोला "तू गप बस" म्हणून दटावलं, तेव्हापासून तिनं बागेचा विषय काढला नव्हता.

अण्णा स्वयंपाकघरात गेले. "अगं, या रवीचं काय करायचं?"

मेथी निवडता निवडता लताबाईनं मानही वर केली नाही.

"तुमी बसा," ती म्हणाली. "तो बघंल की."