फोशेरांचा गुलाब

"जिवंत माणसाचं नाव आमच्यात कशालाच देत नाहीत," ल्यूक म्हणाला. त्याचं भरभर इंग्रजी मधुमतीबाईंना झेपायचं नाही, म्हणून वरदा नेहमीप्रमाणे आईला मराठीत सांगत होती. या वाक्याला ती जरा अडखळली.

मधुमतीबाई नागपूरहून कालच लेकीकडे आल्या होत्या. लीड्सबाहेरच्या त्या घरात जिन्यालगतची अख्खी भिंत फोटोंनी भरलेली. सगळे जावयाच्या घराण्यातले, फोशेर. ल्यूकचे आजोबा फ्रान्स सोडून इकडे आले तेव्हा अंगावरचे कपडे आणि हे फोटो, एवढंच घेऊन आले म्हणे. एका फोशेरच्या नावाचं दीपगृह होतं, एकाच्या नावाची नाशपातीची जात. एक आचारी होता, त्याच्या नावाचं बदामाचं बिस्किट त्याच्या गावात अजून मिळतं. ल्यूक स्वतः गुलाबांच्या नव्या जाती तयार करायचा. त्याची आई गेली तेव्हा त्याने एका पांढऱ्या गुलाबाला तिचं नाव दिलं. माणूस गेला की नाव लावायचं, अशी ही फोशेरांची रीत.

"छान आहे हो," मधुमतीबाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, काय बाई हे अभद्र.

जावई त्यांच्या पचनी पडलाच नव्हता. आता तर पोरीची रया गेलेली. गालफडं बसलेली, डोक्याला कायम रुमाल. "थंडी असते गं आई," म्हणे. हीटर चालू असताना घरात कसली आलीये थंडी? नोकरीतूनही रजा घेतलेली. गाडी ल्यूक चालवणार, बाजारात ल्यूक जाणार, सूपसुद्धा ल्यूकच करणार. आईने हौसेने पिठलं टाकलं, तर पोरगी दोन घासांत, मळमळतंय म्हणून, ताटावरून उठली. आणि रोज सकाळी ल्यूक एका बाटलीतून कॅप्सूल काढून वरदाच्या तळहातावर ठेवायचा, ती गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. बाटलीवरचं लेबल कोणीतरी खरवडून काढलेलं होतं.

"कसल्या गं या?"

"व्हिटॅमिनच्या," वरदा म्हणाली आणि कपात बघत राहिली.

तीन-चार दिवसांनी एका संध्याकाळी ल्यूकला चहाला हाक मारायला मधुमतीबाई मागच्या काचघरात गेल्या. तो एका कुंडीपाशी वाकला होता. झाडावर केशरी कळी. त्याच्या हातात पत्र्याची छोटी पाटी होती, मातीने माखलेली. इंग्रजी अक्षरं वाचण्याइतपत बाईंना नक्की येत होतं. वरदा फोशेर.

त्यांना पाहून ल्यूकने पाटी झटकन खिशात घातली. त्याचे डोळे लाल झाले होते. "इतक्यात नको," तो एकेक शब्द सावकाश म्हणाला. "वरदाला सांगू नका. प्लीज."

मधुमतीबाई तशाच घरात परतल्या. जिवंत माणसाचं नाव देत नाहीत, हे आल्या आल्याच तर त्याच्या तोंडून ऐकलं होतं. पोलिसांकडे जाऊन सांगणार काय, गुलाबाची पाटी पाहिली म्हणून? आणि वरदाला सांगावं, तर ती सदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघणारी.

पण हात बांधून बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य कॅप्सूल भरण्यात काढलं होतं. दुसऱ्या दिवशी ल्यूक कामावर गेला आणि वरदा आंघोळीला, तशी त्यांनी ती बाटली ओट्यावर उपडी केली. एकेक कॅप्सूल उघडून आतली पूड बेसिनमध्ये सोडली, आपल्या बॅगेतलं शतावरी चूर्ण भरलं आणि टोपणं होती तशी बसवली. पुढे तशीच लेबल खरवडलेली नवी बाटली आली, तिचंही तेच केलं.

आठवडा उलटला आणि वरदाने स्वतःहून वरणभात मागितला. मग भरलं वांगं. सकाळची मळमळ थांबली, गालांवर रंग चढला. एक दिवस रुमालही सुटला. खाली बारीक बारीक केस उगवले होते.

"तुझ्या हाताचा गुण आहे गं," ती हसून म्हणाली.

ल्यूक घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला. बघ, मधुमतीबाई मनात म्हणाल्या, चांगला डोळे भरून बघ. विष होतंच ते. आता त्यांना कसलीच शंका उरली नाही. त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं.

मग एका शुक्रवारी दोघं लीड्सला काहीतरी कामाला म्हणून गेली आणि दुपारी परत आली. ल्यूक तडक मागच्या दाराने बागेत गेला. वरदा स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आई, बस जरा. तू आल्यापासून मी तुझ्याशी खोटं बोलतेय." तिने ती बाटली पुढ्यात ओढली. "माझ्या डोक्यात गाठ आहे. हिवाळ्यात डॉक्टरांनी आशाच सोडली होती. तेव्हा मीच ल्यूकच्या मागे लागले, रीत राहू दे, गुलाबाला माझं नाव आत्ताच दे, मला बघायचंय. त्याने रडत रडत लावलं. आणि तुला कळू नये म्हणून हे लेबलही मीच खरवडलं."

मधुमतीबाईंनी बाटलीच्या खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"मग या कॅप्सूल लागू पडल्या. केस गळले, अन्न जाईना, पण गाठ निम्मी झाली. तू आलीस त्याच आठवड्यात ल्यूकने ती पाटी उपटून टाकली होती. उगाच दृष्ट नको म्हणून मलाही बोलला नाही. आज हॉस्पिटलमधून येताना गाडीत सांगितलं."

"आणि आज... आज डॉक्टर काय म्हणाले?"

"परत वाढलीये. आधीपेक्षा जास्त. इतकं गुणकारी औषध मध्येच असं कसं निकामी झालं, डॉक्टरांनाही कळत नाहीये." वरदाने बाटलीतून एक कॅप्सूल तळहातावर घेतली. "तरी घेत राहा म्हणालेत. पाणी दे ना."

खिडकीतून काचघराचं उघडं दार दिसत होतं. आत ल्यूक गुडघे टेकून बसला होता, आणि ती पाटी पुन्हा मातीत रोवत होता.