मजकुराला हात न लावता

खासदार झालेली धाकटी बहीण पंधरा मिनिटांसाठी घरी आली, तेव्हा मजल्यावरच्या चारही दारांना एकदम कचरा बाहेर ठेवायची आठवण झाली.

"ताई, एवढं एक पान बघून दे गं," खुर्ची ओढत धाकटी म्हणाली. "सभासदांच्या परिचयाचं पुस्तक निघतंय संसदेचं. आजच पाठवायचंय. आमच्या पीएंनी शुद्धलेखनाचे पार मुडदे पाडलेत."

दारात उभा असलेला पीए कसनुसा हसला.

थोरलीने चष्मा पुसला. छापखान्यात अडतीस वर्षं तिने मुद्रितं तपासली होती. अहवाल, लोकांची चरित्रं, औषधांच्या खोक्यांतल्या माहितीच्या चिठ्ठ्या. त्या कामातला एक नेम तिने व्रतासारखा पाळला होता. चूक दिसली तर दुरुस्त करायची, पण लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही.

ओळीखाली पट्टी धरून ती वाचू लागली. जन्म १९६६. शिक्षण. नगरपालिकेत दोनदा, मग विधिमंडळ, मग संसद. पट्टी खाली सरकत होती आणि बहीण वर चढत होती. 'पाणीप्रश्नावरील भाषण विशेष गाजले.' पेन्सिल 'गाजले'वर जरा रेंगाळली. इतकी वर्षं हे सगळं ती वर्तमानपत्रात वाचत आली होती, आणि कुणी विचारलं की म्हणत आली होती, "अभिमान वाटतो हो." वाटायचाही. पण भातात खडा लागावा तसं त्यात काहीतरी दाताखाली यायचंच.

खालून तिसरी ओळ होती: 'शालेय जीवनापासून वक्तृत्वाची आवड. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत सुवर्णपदक, १९७९.'

पट्टी तिथेच थांबली.

ते पदक थोरलीचं होतं. अख्ख्या जन्मात मिळालेलं एकच. मिळालं १९७२ साली. ती आठवीत होती आणि ही बया पहिलीत. बक्षीस समारंभात आईच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपली होती.

"हे पदकाचं कुणी घातलं?" थोरलीने विचारलं.

"मीच. कपाटात असायचं बघ आपल्या, आईच्या कपड्यांखाली." धाकटी मोबाइलवरून बोट न काढता हसली. "भाषणसुद्धा अजून तोंडपाठ आहे. ऐक." आणि ती उभीच राहिली. "'अध्यक्षमहाशय, नदी कुणाला विचारून वाहत नाही...'"

इथे ती थांबली. पीएने मान वर केली. त्याच्यामागे कचऱ्याची पिशवी धरून उभी असलेली शेजारीणही श्वास धरून राहिली.

"'...पण वाट अडवणाऱ्याला जाब मात्र विचारते.'"

वाक्यं थोरलीची होती. दहा दिवस आरशासमोर घोकलेली, टेबलाखाली खोडरबर चघळत बसलेल्या त्या कार्टीच्या देखत. पण मधलं ते थांबणं? थोरलीने सगळं एका दमात म्हणून टाकलं होतं. थांबायचं असतं, हे तिला आज कळत होतं.

तिने बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं. खोटं बोलणाऱ्याची पापणी कुठेतरी लवते. धाकटीची लवली नाही. तिला खरंच आठवत होतं. त्या दिवशीच्या टाळ्यासुद्धा आठवत असणार. याहून चोर बरा, थोरलीला वाटलं. वस्तू दुसऱ्याची आहे, एवढं तरी त्याला ठाऊक असतं.

'हे पदक माझं आहे.' चारच शब्द. पण ते म्हटले की ही तोंडावर हात ठेवणार, "अगं बाई, खरंच की!" म्हणत गळ्यात पडणार, आणि मग गावोगावच्या सभांतून सांगत सुटणार की आमची ताई माझ्यापेक्षा छान बोलायची. लोक टाळ्या वाजवणार. त्याही हिलाच.

"काय गं, सापडलं का काही?"

"एक चूक आहे," थोरली म्हणाली. "करते दुरुस्त."

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि लाल पेन उचललं. १९७९ मधल्या शेवटच्या नऊवर काट मारली, समासात नीट, गोलसर दोन काढला. जन्मसाल त्याच पानावर वर होतं. सहा वर्षांची सुवर्णपदकविजेती. वजाबाकी काय, पोरासोरांनाही येते. पुस्तक सगळ्या सभासदांच्या हातात जाणार होतं, विरोधकांच्याही आणि वर्तमानपत्रवाल्यांच्याही.

मजकुराला तिने हात लावला नव्हता.

"बघून घे एकदा," ती म्हणाली. तिने पान पुढे सरकवलं.

पीए पुढे झाला. "मॅडम, लाल शाईत काहीतरी बदललंय, मी जरा..."

"अहो, ताईने तपासलंय ते!" धाकटीने पान ओढून घेतलं आणि न वाचताच खाली सही ठोकली. "माझ्या निबंधातल्या चुका हिनेच काढल्यात शाळेत. तुम्ही काय हिला तपासताय? चला, पळा, पाकीट बंद करा."

पीए पाकीट घेऊन जिन्याकडे निघाला. थोरलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात धाकटीने तिच्या गळ्यात हात टाकले, लहानपणी टाकायची तसेच, सगळा भार देऊन.

"उगाच नाही मी सगळ्यांना सांगत," ती कानाशी म्हणाली, "ताई आहे म्हणून आजवर कुठे तोंडघशी पडले नाही."

पाकीट तोवर एक मजला उतरलं होतं.