तिची पसंती

मंदा गेल्याचं गावात कळलं त्या सकाळी तिचा पहिला नवरा जयवंत सगळ्यांच्या आधी दारात आला. हातात नवीकोरी साडी, डोळ्यांतून धारा. "जाताना तरी माझी साडी नेसू द्या तिला," तो हुंदके देत म्हणाला.

"नेसवा हो शिवरामभाऊ," शेजारच्या कदमकाकू म्हणाल्या. "किती रडतोय बिचारा!"

मंदाच्या दुसऱ्या नवऱ्याने, शिवरामने, त्या साडीकडे पाहिलं. हा जयवंत आठ-आठ दिवस मंदाशी अबोला धरायचा, ती पाया पडेपर्यंत मजा बघायचा, आणि मग नवी साडी आणून चारचौघांत लाड करायचा. म्हणूनच शिवरामने लग्नानंतर हौसेने साडी आणली, तेव्हा ती मागे सरकत म्हणाली होती, "माझं काय चुकलं?" त्यानंतर त्याने साडी कधी आणलीच नाही. तो तिला दुकानात न्यायचा आणि बाकावर बसून राहायचा. पुढे पुढे ती अख्खं दुकान उलगडायला लावायची, वर त्यालाच म्हणायची, "तुम्हाला काय कळतंय? गप बसा." ते ऐकलं की त्याचं पोट भरायचं.

"ती स्वतः निवडलेलीच नेसते," शिवराम म्हणाला.

जयवंतचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. त्याने साडीची घडी नीट केली. "काकू, दुकानदार परत घेईल ना ही?"

शिवरामने कपाटातून तिची आवडती जांभळी साडी काढून दिली.

आज महिना झाला. तिने शेवटची घेतलेली साडी फॉल लावायला टाकली होती, ती आणायची अजून राहिली आहे.