कालव्याकाठची हलकीफुलकी सहल

भिकाजी घुले तीस वर्षं पाटकरी होते. शेतांना पाणी सोडत कालव्याच्या कडेनं रोज वीस किलोमीटर सायकल हाणायचे, तेव्हा त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. निवृत्त झाल्यावर एका सहल कंपनीनं त्यांना हेल्मेट घातलं आणि त्याच रस्त्यावर 'अनुभवी वाटाड्या' म्हणून नेमलं.

पहिल्या रविवारी शहरातले आठ पाहुणे जाड चाकांच्या, गिअरच्या सायकलींवरून निघाले. एक बाई म्हणाल्या, "काका, किती भाग्यवान तुम्ही! रोज एवढा निसर्ग!"

"हो ना," घुले म्हणाले. "चिखलात बसून पंक्चर काढताना तर फारच दिसायचा."

अर्ध्या वाटेवर त्यांनी करकचून ब्रेक दाबला. खेकड्याच्या बिळातून कालव्याचं पाणी भरावाबाहेर येत होतं. खाली पन्नास घरांची वस्ती होती.

"उतरा! माती आणा, मिळेल त्यात आणा!" घुले ओरडले आणि कपड्यांनिशी पाण्यात उतरले.

पाहुण्यांनी आधी फोटो काढले. मग घुल्यांचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं हेल्मेटांत माती भरू लागले. घुल्यांनी बिळाचं तोंड चाचपून ती आत ठासली. तासाभरानं पाणी थांबलं. ते काठावर फतकल मारून बसले.

पुढच्या रविवारी दुप्पट पाहुणे आले. निघण्याआधीच एकानं उत्साहानं विचारलं, "काका, आज कालवा कुठं फुटणार आहे?"