चोवीस सेकंद

आंतरकॉलेज बास्केटबॉलच्या मीटिंगला सुचिता मॅडम घड्याळ घेऊनच आल्या. ग्राउंडवरचं, भोंगा वाजवणारं. आज भांडण एकाच नियमाचं होतं. बॉल हातात आला की तीस सेकंदांत बास्केटवर मारायचा, हा जुना नियम. रबाळ्याच्या मानसिंग सरांना तीसचे चोवीस करून हवे होते, कारण त्यांच्या पोरी वाऱ्यासारख्या पळायच्या. मॅडमच्या करंजाड्याच्या पोरी निवांत पास देत, जागा बघत खेळायच्या. सहा सेकंद कमी झाले की त्यांचं दुकान बंद.

"सर, तुमचा मुद्दा तुमच्याच नियमात मांडा ना," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "चोवीस सेकंद लावते."

"लावा की. मी दोनच शब्द बोलणार हाय."

मॅडमनी बटण दाबलं. सर उठले, शर्ट सारखा केला, घसा खाकरला.

"आजच्या सभेचे आदरणीय अध्यक्ष मोकल सर, ज्यांच्या हाताखाली मी घडलो ते ज्येष्ठ पंच माननीय भोईर साहेब, आमचे मार्गदर्शक सन्माननीय ठाकूर सर, माझ्या भगिनी सुचिता मॅडम, तसंच इथं आवर्जून उपस्थित असलेले सर्व..."

भोंगा वाजला.

"आवं, ह्याला काय अर्थ हाय?" सर तापले. "मुद्द्यावर यायच्या आधीच हे बोंबलतंय. चोवीस सेकंदांत माणसानं करायचं तरी काय? निदान तीस तरी पायजेत."

मॅडमनी लगेच हात वर केला. "अनुमोदन."